तिरक्या रेघेपलीकडे कोण बसलंय?

मोबाइलवर कुठलीही वेबसाइट उघडा आणि अगदी वरची पट्टी वाचा. तिथे त्या वेबसाइटचा पत्ता असतो. पूर्ण पत्ता पाहिला, तर नावाच्या पुढे एक छोटी तिरकी रेघ दिसेल. तिला स्लॅश म्हणतात. ही रेघ आपण रोज बघतो आणि रोज विसरतो. आज मात्र तिच्यापाशी थांबू या. कारण या एवढ्याशा रेघेच्या भरवशावर कोट्यवधी लोकांची कामं एकमेकांच्या पायात न येता पार पडतात.

आधी एक गंमत बघा. यवतमाळ जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटचा पत्ता आहे यवतमाळ डॉट जीओव्ही डॉट इन. (टाइप करताना इंग्रजी अक्षरं लागतात, इथे आपण तो देवनागरीत वाचू.) एवढा पत्ता टाकला की पान मराठीत उघडतं. त्याच्यापुढे तिरकी रेघ, मग ई आणि एन ही दोन अक्षरं आणि पुन्हा तिरकी रेघ असं टाकलं, की जिल्ह्याची तीच माहिती इंग्रजीत समोर येते. वेबसाइट तीच, जिल्हा तोच. रेघेपलीकडे दोन अक्षरं आली आणि उत्तराची भाषाच बदलली!

म्हणजे पत्त्याचे दोन भाग झाले. रेघेच्या अलीकडचा भाग सांगतो, कोणत्या दाराशी जायचं. पलीकडचा भाग सांगतो, दारातून आत गेल्यावर काय हवं आहे. अलीकडच्या भागाला होस्ट म्हणतात आणि पलीकडच्या भागाला पाथ. आपला आजचा नायक आहे हा पाथ.

अमरावतीच्या वाटेने सातबारा

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे, त्यांना सातबारा हा शब्द नवा नाही. गाव नमुना सातमध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते लिहिलेलं असतं आणि गाव नमुना बारामध्ये त्या जमिनीत कोणतं पीक आहे ते. कपाशी, सोयाबीन, तूर, जे असेल ते. हे दोन नमुने एकत्र आले की झाला सातबारा. पूर्वी तो बघायचा तर तलाठ्याकडे जावं लागायचं. आता महाभूलेख नावाच्या सरकारी वेबसाइटवर तो घरबसल्या बघता येतो.

या वेबसाइटच्या आधीच्या रूपात एक छान गोष्ट होती. पान उघडलं की पहिला प्रश्न यायचा, तुमचा विभाग कोणता? अमरावती, औरंगाबाद (म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर), कोकण, नागपूर, नाशिक आणि पुणे हे सहा पर्याय. यवतमाळच्या शेतकऱ्याने अमरावती निवडायचं. कारण अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ हे पाच जिल्हे मिळून अमरावती विभाग होतो. मग जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, जमिनीचा गट नंबर टाकायचा, की सातबारा हजर.

पण विभाग निवडल्याबरोबर वरच्या पट्टीत काय व्हायचं माहीत आहे? तिरक्या रेघेनंतर ‘अमरावती’ हे नाव यायचं. नाशिकच्या शेतकऱ्याने नाशिक निवडलं, की त्याच्या पट्टीत ‘नाशिक’. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावहून निघालेली विचारणा असो की पुसदहून, ती कपाळावर अमरावतीचं नाव लावूनच निघायची.

हे नाव कोणासाठी? शेतकऱ्याला तर आपला विभाग माहीतच असतो. ते नाव खरं उपयोगी पडू शकतं वेबसाइटच्या दारात बसलेल्या कॉम्प्युटरला. तो कोण, ते आता बघू.

एका दारामागे किती खोल्या?

जो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू राहतो आणि मागेल त्याला पानं, फोटो, माहिती पाठवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. लहान वेबसाइटला एक सर्व्हर पुरतो. पण मोठ्या वेबसाइटवर एकाच वेळी हजारो, लाखो लोक येतात. एकट्या सर्व्हरची ताकद तिथे अपुरी पडते. मग पुष्कळ सर्व्हर लावावे लागतात.

बरं, सगळी कामंही सारखी नसतात. फोटो पाठवायचा तर सर्व्हरला फारसा विचार करावा लागत नाही, साठवलेली फाइल उचलायची आणि द्यायची. सातबारा शोधायचा तर लाखो नोंदींतून नेमकी एक काढावी लागते. अर्ज भरून घ्यायचा तर नवी नोंद लिहावी लागते, आणि ती लिहिताना चूक चालत नाही. म्हणून मोठ्या वेबसाइटवर सर्व्हरांचे गट पाडतात. एका गटाकडे फोटो, दुसऱ्याकडे शोध, तिसऱ्याकडे अर्ज. अशा प्रत्येक गटाला इंजिनिअर सर्व्हर पूल म्हणतात.

आता अडचण अशी, की बाहेरून येणाऱ्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्यासाठी वेबसाइट एकच, पत्ता एकच. मग त्याची विचारणा बरोबर त्या गटाकडे कोण नेतं?

दारात बसलेला तो खास कॉम्प्युटर. इंजिनिअर त्याला लोड बॅलन्सर किंवा रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. आपण त्याला वाटाड्या म्हणू या. तो स्वतः सातबारा शोधत नाही, फोटो साठवत नाही, अर्जही तपासत नाही. तो फक्त रेघेपलीकडची अक्षरं वाचतो आणि विचारणा योग्य गटाच्या हाती देतो.

एवढंच? हो, एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये फार मोठी युक्ती दडली आहे. ती युक्ती एका मराठी माणसाने आपल्या टपालात आणली, इंटरनेट आपल्याकडे यायच्या कितीतरी आधी.

वेलणकरांचे सहा आकडे

महाराष्ट्रात कळंब नावाचे दोन तालुके आहेत. एक आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, चिंतामणी गणपतीचं कळंब. दुसरं धाराशिव जिल्ह्यात. पाकिटावर नुसतं ‘कळंब’ लिहिलं तर पत्र कुठे जाणार? त्यात पत्ते लिहिणारे वेगवेगळ्या भाषांत लिहिणार, अक्षर गिचमिड, गावांची नावं सारखी. टपाल खात्याची ही रोजची डोकेदुखी होती.

श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयात मोठे अधिकारी होते. संस्कृतचे कवीही होते. त्यांनी यावर उपाय दिला तो पिनकोडचा. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात सहा आकड्यांचा पिनकोड सुरू झाला. यवतमाळच्या कळंबचा पिनकोड ४४५४०१ आणि धाराशिवच्या कळंबचा ४१३५०७. गोंधळ संपला.

या सहा आकड्यांची रचना बघण्यासारखी आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा पिनकोड ४४५३०४ घ्या. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा टापू. पहिले दोन, ४४, म्हणजे आपला विदर्भ. पहिले तीन, ४४५, म्हणजे यवतमाळ. आणि उरलेले तीन, ३०४, म्हणजे वणीचं पोस्ट ऑफिस.

आता चेन्नईहून वणीला पत्र निघालं. चेन्नईत टपाल वेगळं करणाऱ्या माणसाला वणी कुठे आहे हे माहीत असायची गरज आहे का? अजिबात नाही. सुरुवातीचा ४ बघितला तरी दिशा कळते. विदर्भात पत्र पोचलं की तिथला माणूस ४४५ बघतो आणि यवतमाळच्या पिशवीत टाकतो. यवतमाळला पोचलं की शेवटचे तीन आकडे बघायचे. वणीतली गल्ली, घर, दारावरची पाटी हे फक्त वणीच्या पोस्टमनने ओळखायचं.

प्रत्येकाने पत्त्याचा फक्त गरजेपुरता भाग वाचायचा आणि पत्र पुढच्या हातात द्यायचं. सगळं सगळ्यांना माहीत असावं लागत नाही. पुढचा हात कोणाचा, एवढं ओळखता आलं की पुरे. वेबसाइटच्या दारातला वाटाड्याही नेमकं हेच करतो. पाथची सुरुवात वाचतो आणि गट ठरवतो. ‘अमरावती’ने सुरू होणारा पाथ दिसला की विचारणा अमरावतीच्या गटाकडे, ‘नाशिक’ दिसलं की नाशिकच्या गटाकडे, असा नियम त्याला शिकवता येतो. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर यात त्याने डोकं घालायचंच नाही.

तारेतून नेमकं काय जातं?

तुम्ही पत्ता टाकून बटण दाबलंत, की तुमचा मोबाइल एक छोटा मजकूर तयार करतो. त्याच्या साध्या रूपात पहिल्या ओळीत तीन गोष्टी असतात. आधी ‘गेट’ हा शब्द, म्हणजे ‘मला दे’. मग पाथ, म्हणजे ‘काय दे’. आणि शेवटी एचटीटीपी हे नाव आणि त्याची आवृत्ती, म्हणजे ‘आपण कोणत्या नियमांनी बोलतोय’.

ही पद्धत टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत काम करताना तयार केली. १९९१ साली वेबच्या पहिल्या आवृत्तीत तर हा मजकूर अगदी इवलासा होता. ‘गेट’ आणि त्यापुढे पाथ, बस्स, एकच ओळ! त्या काळी पाथ म्हणजे खरोखरच एका कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचा रस्ता असायचा. या फोल्डरमध्ये जा, त्यातल्या त्या फोल्डरमध्ये जा, ती फाइल उचल.

पुढे वेबसाइट मोठ्या झाल्या आणि लोकांच्या लक्षात आलं, की पाथमध्ये लिहिलेला फोल्डर खरंच तिथे असायला हवा असं कुठे आहे? तो नुसता खुणेचा शब्द असू शकतो. त्या शब्दावरून विचारणा दुसऱ्या कॉम्प्युटरकडे, दुसऱ्या इमारतीत, अगदी दुसऱ्या शहरातही पाठवता येते. बघणाऱ्याला वाटतं एकच वेबसाइट आहे, आणि आत उत्तर देणारे वेगळे, जागा वेगळ्या.

याला वेळ किती लागत असेल? काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. यवतमाळहून मुंबईपर्यंतची केबल ७०० किलोमीटर धरली, तर एका बाजूच्या प्रवासाला साडेतीन मिलिसेकंद पुरतात. एक मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा हजारावा भाग. वाटाड्याचा निर्णय तर त्याहूनही थोडक्या वेळात होतो. तुमची पापणी लवायच्या आत विचारणा दारात पोचते, वाचली जाते आणि मार्गी लागते.

पाकीट उघडावंच लागतं

इथे मात्र टपालाचं आणि वेबसाइटचं गणित वेगळं होतं. पिनकोड पाकिटाच्या बाहेर लिहिलेला असतो, तो कोणीही वाचावा. वेबसाइटचा पाथ आत, बंद पाकिटात असतो.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असं दिसतं ना? त्यातला शेवटचा एस सांगतो, की तुमचा सगळा मजकूर गुप्त लिपीत बदलून पाठवला आहे. वाटेतल्या यंत्रांना तुम्ही कोणत्या वेबसाइटकडे निघालात हे साधारण कळू शकतं. पण रेघेपलीकडे काय लिहिलंय, म्हणजे तिथे जाऊन काय मागताय, हे वाचता येत नाही.

म्हणून पाथ वाचायचा तर वाटाड्याकडे त्या गुप्त लिपीची किल्ली असावी लागते. तो वेबसाइटचा विश्वासातला माणूस, म्हणून किल्ली त्याच्याकडे. तो मजकूर उलगडतो, पाथ वाचतो आणि मग आत पाठवतो.

काही वाटाडे पाकीट उघडतच नाहीत. ते बाहेरचा नुसता क्रमांक बघून विचारणा वाटून टाकतात. ते जास्त वेगवान असतात, पण त्यांना फोटोची विचारणा कोणती आणि अर्जाची कोणती हे ओळखता येत नाही. कॉम्प्युटरच्या जाळ्याचं काम इंजिनिअरांनी सात थरांत वाटून ठेवलं आहे. पाकीट न उघडणारे वाटाडे चौथ्या थरावर काम करतात आणि पाथ वाचणारे सातव्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या थरावर.

नियम लिहायचे कसे?

वाटाड्याला आपोआप काही कळत नाही. त्याला माणसाने नियम लिहून द्यावे लागतात. अशा कामाची दोन प्रसिद्ध सॉफ्टवेअर आहेत. एक एचएप्रॉक्सी, फ्रान्सच्या विली तारो यांनी २००१ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिलेलं. दुसरं एनजिन-एक्स, रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००४ मध्ये खुलं केलेलं. दोन्ही कोणालाही फुकट वापरता येतात, त्यांची आतली रचनाही वाचता येते. तुम्ही मोठे झालात की नक्की वाचा.

नियम लिहिणं सोपं वाटतं, पण त्यात फसवे खड्डे आहेत. दोन दाखवते.

पहिला खड्डा. वाटाड्याला सांगितलं, “ज्या पाथची सुरुवात ‘अमरावती’ने होते तो पहिल्या गटाकडे.” आणि दुसरा नियम दिला, “ज्याची सुरुवात ‘अमरावती / यवतमाळ’ने होते तो दुसऱ्या गटाकडे.” आता विचारणा आली ‘अमरावती / यवतमाळ / वणी’. दोन्ही नियम लागू पडतात! मग ती कुठे जाणार?

एनजिन-एक्स म्हणतं, अशा वेळी जो नियम जास्त लांबीपर्यंत जुळतो तो खरा. म्हणून विचारणा दुसऱ्या गटाकडे, यवतमाळकडे. एचएप्रॉक्सी म्हणतं, ज्या क्रमाने नियम लिहिलेत त्या क्रमाने मी वाचणार, पहिला जुळला की थांबणार. तिथे ‘अमरावती’चा नियम वर लिहिला असेल तर यवतमाळचा नियम कधी वापरलाच जाणार नाही, बिचारा यादीत नुसता पडून राहील. म्हणून तिथे बारीक नियम आधी आणि ढोबळ नियम नंतर लिहायचा.

दुसरा खड्डा तर आणखी छुपा आहे. इंग्रजी पानांसाठी नियम लिहिला, “पाथची सुरुवात ई, एन या अक्षरांनी झाली तर इंग्रजीच्या गटाकडे.” छान. पुढे कोणीतरी चौकशीचं नवं पान केलं आणि त्याला नाव दिलं ‘एन्क्वायरी’. इंग्रजीत हा शब्द लिहून बघा. सुरुवातीची दोन अक्षरं कोणती आली? ई आणि एन! आता चौकशीची प्रत्येक विचारणा इंग्रजी पानांच्या गटाकडे जाऊन आदळणार, आणि तिथून उत्तर येणार, ‘असं पान नाही’.

यावरचा उपाय काय असेल? थांबा, पुढे वाचण्याआधी अर्धा मिनिट विचार करा.

नियमात ‘ई, एन’च्या पुढे तिरकी रेघही लिहायची. मग ‘ई, एन, रेघ’ हाच तुकडा जुळेल आणि ‘एन्क्वायरी’ सुटेल. एका रेघेने घोळ मिटला. पिनकोडमध्ये हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे आकडे नेहमी सहाच आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. पाथ कितीही लांबीचा असू शकतो, म्हणून तिथे तुकडा कुठे संपला हे रेघच सांगते.

एका मिनिटात अख्खा यवतमाळ जिल्हा

आता एक खरी गोष्ट. २८ एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. तुम्ही तेव्हा लहान असाल. १ मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होणार होती आणि तिची नोंदणी को-विन या वेबसाइटवर २८ तारखेला दुपारी चार वाजता सुरू झाली. गावोगावी, शहराशहरांत लोक मोबाइल हातात घेऊन बसले होते.

चार वाजले आणि विचारणांचा लोंढा आला. सरकारने त्या दिवशी जाहीर केलेले आकडे असे. सुरुवातीला मिनिटाला २७ लाख विचारणा. संध्याकाळी सातपर्यंत, म्हणजे तीन तासांत, ३८ कोटी ३० लाख विचारणा. आणि ८० लाख लोकांची नोंदणी.

मिनिटाला २७ लाख म्हणजे किती? २०११च्या जनगणनेत आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या होती २७ लाख ७२ हजार ३४८. सोळा तालुके, त्यांतली सगळी गावं, तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळी माणसं. जवळजवळ एवढ्या विचारणा एका मिनिटात एकाच वेबसाइटच्या दाराशी! सेकंदाचा हिशोब केला तर ४५ हजार.

को-विनच्या पत्त्यांमध्ये बघण्यासारखी गोष्ट होती. तिथे कामानुसार पाथ वेगळे होते. मोबाइलवर ओटीपी मागवायचा तर पाथमध्ये ‘ऑथ’ हा शब्द यायचा, म्हणजे ओळख पटवण्याचं काम. लसीच्या रिकाम्या जागा बघायच्या तर ‘अपॉइंटमेंट’. लस घेतल्यावर प्रमाणपत्र हवं तर ‘सर्टिफिकेट’. रेघांच्या मधले शब्द वाचले तरी कोण कशासाठी आलंय ते कळत होतं.

याचा फायदा काय, ते समजून घ्या. रिकाम्या जागा बघणारे लोक सगळ्यांत जास्त. ते पुन्हा पुन्हा बघतात, दर मिनिटाला बघतात. पण नुसतं बघायचं असेल तर थोडं जुनं उत्तर दिलं तरी चालतं. म्हणून को-विनने बाहेरच्या अॅप्सना जागांची जी खुली माहिती दिली, ती अर्ध्या तासापर्यंत जुनी असू शकेल असं मे २०२१ मध्ये सांगितलं होतं. एकदा शोधून ठेवलेलं उत्तर पुष्कळांना देता येतं, दर वेळी नव्याने शोधावं लागत नाही. जागा राखून ठेवायची असेल तेव्हा मात्र जुनं उत्तर चालणार नाही. एकच जागा दोघांना दिली तर एकाला केंद्रावरून परत जावं लागेल. तिथे प्रत्येक विचारणा ताजी तपासून नोंद लिहावी लागते.

एक काम हलकं, पण मागणारे अफाट. दुसरं काम जड, पण त्यात चूक चालत नाही. अशी दोन कामं एकाच गटावर टाकली तर नुसतं बघणाऱ्यांच्या गर्दीत, जागा पक्की करणारा माणूस चेंगरून जाईल. पाथ वेगळे असले की वाटाड्या त्यांना वेगळ्या गटांकडे पाठवू शकतो. मला या सगळ्या युक्तीतली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. एकाच्या गर्दीमुळे दुसऱ्याचं काम अडू नये. झरी-जामणीच्या एखाद्या आजीला सातबारा हवा असेल तेव्हा, त्याच वेळी दुसऱ्या कामासाठी लाखो लोक आले म्हणून तिने ताटकळू नये.

तीनदा हाक, मग रजा

आणखी एक काम वाटाड्या करतो. सर्व्हर हे यंत्र आहे, ते बंद पडू शकतं. बंद पडलेल्या सर्व्हरकडे विचारणा पाठवली तर ती वाया जाईल. म्हणून वाटाड्या आपल्या गटांतल्या प्रत्येक सर्व्हरला ठरावीक वेळाने हाक मारतो, “आहेस का?”

एचएप्रॉक्सीमध्ये ही तपासणी लावली आणि तिचे आकडे बदलले नाहीत, तर दर दोन सेकंदांनी हाक जाते. लागोपाठ तीन वेळा उत्तर आलं नाही, की तो सर्व्हर यादीतून बाजूला. म्हणजे एकदा उत्तर चुकलं तर लगेच बाजूला करत नाहीत, कारण क्षणभराची अडचण कोणालाही येऊ शकते. बाजूला केल्यावरही हाका चालूच राहतात. लागोपाठ दोन वेळा उत्तर आलं की सर्व्हर पुन्हा कामावर.

गटातले बाकीचे सर्व्हर तोवर काम सांभाळतात. त्यांच्यात वाटणी कशी? एक पद्धत पाळीपाळीने, पहिली विचारणा पहिल्याकडे, दुसरी दुसऱ्याकडे, मग पुन्हा पहिल्याकडे. दुसरी पद्धत अशी, की ज्याच्या हातात सध्या सगळ्यांत कमी कामं आहेत त्याला पुढचं द्यायचं.

आणि समजा एखादा अख्खा गटच बंद पडला तर? तर त्या पाथचं काम थांबतं, पण बाकीचे पाथ चालू राहतात. फोटो दिसणार नाहीत, पण अर्ज भरता येईल. सगळं एकाच ठिकाणी असतं तर सगळंच बंद पडलं असतं.

करून पाहा

आता तुमची पाळी. कॉम्प्युटर लागणार नाही, वही-पेन पुरे. तीन मित्रमैत्रिणी जमवा.

समजा तुमच्या शाळेची वेबसाइट आहे. तिच्यावर निकाल आहेत, सहलीचे फोटो आहेत, खिचडीचा आठवड्याचा तक्ता आहे, आणि नवीन प्रवेशाचा अर्ज आहे. प्रत्येक कामाला एक पाथ ठरवा आणि वहीत लिहा. उदाहरणार्थ ‘/ फोटो / टिपेश्वर-सहल’, ‘/ निकाल / सातवी’.

मग कामांचे गट पाडा. कोणतं काम वाचण्याचं, कोणतं लिहिण्याचं? निकालाच्या दिवशी कुठे गर्दी होईल? प्रवेशाच्या दिवसांत कुठे? त्यावरून ठरवा, कोणती दोन कामं एका गटात टाकायची नाहीत.

आता वाटाड्यासाठी नियम लिहा, पाच ते सात ओळींत. वही मैत्रिणीला द्या. ती वाटाड्या होईल. तिने तुमचे नियम वरून खाली, जसेच्या तसे पाळायचे, मनाने काही करायचं नाही. दुसऱ्याने एकेक पाथ मोठ्याने वाचायचा आणि तिने गट सांगायचा. तिसऱ्याचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. त्याने असे पाथ शोधून काढायचे, ज्यांना दोन नियम लागू पडतात किंवा जे चुकीच्या गटात जातात. ‘/ निकाल’ आणि ‘/ निकालपत्र-दुरुस्ती-अर्ज’ हे दोन पाथ देऊन बघा. अर्ज भलत्याच गटात गेला ना? मग कोणती रेघ कुठे घालायची ते शोधा, कोणता नियम वर न्यायचा ते ठरवा आणि पुन्हा खेळा.

खेळून झालं की शेवटची परीक्षा. तुमच्या एकाही नियमात न बसणारा पाथ द्या. कोणीतरी घाईत चुकीचं टाइप केलेलं असतं, कोणीतरी पहिल्यांदाच आलेलं असतं, कोणाकडे जुना पत्ता असतो. चांगल्या इंजिनिअरच्या यादीत अशा माणसासाठीही एक ओळ असते. ‘वरचं काहीच जुळलं नाही तर या गटाकडे’, आणि तो गट त्याला नीट सांगतो, की तुम्ही शोधताय ते पान इथे नाही, मुखपृष्ठाचा रस्ता हा असा. तुमच्या वहीत ती ओळ नसेल, तर आत्ता लिहा.